पोटावर टाका नाही, तरी आतडं अडकलं : मोठ्या माणसांमधल्या आंत्रावरोधाच्या विरळ कारणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतडं अडकलेला रुग्ण आला की आम्हा सर्जन मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आधी पोटाचं ऑपरेशन झालंय का? उत्तर 'हो' असेल किंवा जांघेत हर्निया दिसत असेल, तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ज्यांचं उत्तर 'नाही' येतं त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पान लिहिलं आहे. या लोकांचे दिवस वाया जातात. 'गॅस झालाय' म्हणून आधी घरी, मग औषधाच्या दुकानात, मग दोन-तीन दवाखान्यांत. ते दिवस वाचावेत एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आतडं अडकतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे रस मिळून रोज सात-आठ लिटर पाणी या नळीत उतरतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं पुन्हा रक्तात शोषलं जातं. वाट कुठे बंद झाली की हे पाणी अडथळ्याच्या मागे साचत जातं. आतडं फुगतं, उलट्या सुरू होतात. पाणी पोटातच असतं, पण रक्ताला ते मिळत नाही. म्हणून जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते, नाडी जोरात चालते. दवाखान्यात गेल्या गेल्या सलाईन लावतात ते याचसाठी.

आतड्याचं काम पुढे ढकलण्याचं. वाट बंद असली तरी ते ढकलतच राहतं, आणि त्याच कळा. कळ येते, माणूस कळवळतो, मग पाच-दहा मिनिटं बरं वाटतं. या बरं वाटण्याच्या वेळातच घरचे फसतात.

पुढची पायरी जास्त वाईट. आतड्याचा वेढा आवळला गेला किंवा त्याला पीळ बसला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतडं काळं पडतं. मग कळ येऊन-जाऊन न राहता दुखणं सतत चालू राहतं. इथून पुढे हिशेब तासांचा असतो.

गॅस, बद्धकोष्ठ आणि आतडं अडकणं यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

चार गोष्टी बघा : येऊन-जाऊन येणाऱ्या कळा, उलट्या, पोट फुगणं, आणि शौच व वारा दोन्ही बंद होणं. यात वाऱ्याचा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि लाजेपोटी तोच कुणी विचारत नाही. साध्या बद्धकोष्ठात शौचाला होत नाही, पण वारा सरतो. वाराही सरत नसेल आणि सोबत उलट्या असतील, तर तो विषय चूर्णाचा राहिलेला नाही.

चारही लक्षणं एकदम दिसतीलच असं मात्र नाही. अडथळा वरच्या बाजूला असेल तर उलट्या लवकर आणि खूप होतात, पोट मात्र सपाट राहतं. खाली मोठ्या आतड्यात असेल तर पोट आधी नगाऱ्यासारखं होतं, उलटी फार उशिरा होते. सुरुवातीला एखादी शौच होऊनही जाते, कारण अडथळ्याच्या खालचा माल बाहेर पडायचाच असतो. अर्धवट अडथळ्यात तर पातळ जुलाबही होतात. उलटीचा रंग बघून ठेवा. आधी खाल्लेलं, मग हिरवट-पिवळं, आणि शेवटी तपकिरी, शौचाचा वास येणारं पाणी, असा क्रम असेल तर डॉक्टरांना तो शब्दशः सांगा.

दुखणं सतत झालं, पोटाला हात लावू देत नाही, ताप आला, माणूस गुंगीत जातोय किंवा सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

तोवर घरी काय द्यावं?

काहीही देऊ नका. एरंडेल नको, जुलाबाच्या गोळ्या नकोत, एनिमा नको. बंद वाटेवर जुलाब दिला तर आतडं अजून जोरात ढकलू लागतं आणि फुटण्याचा धोका वाढतो. पोट चोळून घेणं, 'वाटी सरकली' म्हणून ती बसवून घेणं, हेही नको. चोळणाऱ्या बाईंचा हेतू चांगला असतो, मला माहीत आहे. पण आत फुगून पातळ झालेल्या आतड्याला तो दाब सोसत नाही. तोंड ओलं करण्यापुरतं पाणी द्या आणि निघा.

नेहमीची कारणं कोणती?

लहान आतड्यात आधीच्या ऑपरेशननंतर आतडी चिकटणं, मग हर्निया, मग गाठी. मोठ्या आतड्यात सर्वांत आधी कर्करोगाचा विचार करावा लागतो, त्यानंतर पीळ. आपल्याकडे या यादीत क्षयरोग वर असतो, म्हणून त्याच्याविषयी खाली सविस्तर लिहिलं आहे.

टाका नाही, हर्निया नाही. मग डॉक्टर नेमकं काय शोधतात?

नळी बंद होण्याच्या तीन जागा असतात. नळीच्या आत काहीतरी अडकलं : खडा, केसांचा गोळा, चोथा. नळीची भिंत बिघडली : क्षयाचा अरुंद भाग, गाठ, क्रोन्ह (आतड्याच्या भिंतीला जुनाट सूज आणणारा आजार), जुन्या रेडिएशनचा व्रण. किंवा बाहेरून काहीतरी आवळलं : जन्मजात पट्टा, पोटातल्या एखाद्या फटीत शिरलेला वेढा, वर चढलेला पडदा. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या तिन्हींपैकी एकीत बसतात.

टीबी तर छातीचा असतो. तो आतड्यात कसा येईल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्यावर माझं म्हणणं ठाम आहे : या देशात टाका नसलेल्या पोटात, वजन उतरलेल्या तरुण माणसाचं आतडं अडकलं, तर क्षय नाही हे सिद्ध होईपर्यंत क्षयाचा विचार सोडायचा नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण भारतात आहेत. जंतू गिळलेल्या बेडक्यातून, रक्तातून किंवा न उकळलेल्या दुधातून आतड्यापर्यंत पोहोचतात. त्यांची आवडती जागा म्हणजे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो उजव्या जांघेच्या वरचा भाग. तिथे भिंत जाड होते, व्रण आकसून नळी अरुंद होते, कधी एकापुढे एक तीन-चार ठिकाणी. शेजारच्या गाठी सुजतात आणि आतडी एकमेकांना चिकटतात.

रुग्ण सांगतात ते मात्र वेगळं असतं. 'जेवलं की पोटात गोळा फिरतो', 'गुरगुर होते आणि मग एकदम सुटल्यासारखं वाटतं'. संध्याकाळची कणकण, कमी झालेली भूक, सैल झालेले कपडे. हे महिनोन् महिने चालतं आणि 'ॲसिडिटी' या नावाखाली दडून राहतं. गोळा फिरून एकदम सुटणं हे अर्धवट अडथळ्याचं इतकं बोलकं वर्णन आहे की ते ऐकल्यावर पोट तपासायच्या आधीच माझा संशय पक्का होत जातो.

छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पोटाचा क्षय नाही असं ठरत नाही. बऱ्याच रुग्णांचं फुप्फुस ठीकच असतं. निदानासाठी सीटी स्कॅन, दुर्बिणीतून घेतलेला तुकडा आणि त्याची तपासणी लागते. तुकड्यात जंतू कमी असतात, त्यामुळे जीन एक्सपर्ट (क्षयाचे जंतू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह येऊ शकतो. तेवढ्यावर फाइल बंद करू नये.

दुसरी अडचण क्रोन्हची. दोन्ही आजार दुर्बिणीत आणि स्कॅनवर एकमेकांसारखे दिसतात. क्रोन्ह समजून स्टेरॉइड दिलं आणि आत क्षय असला, तर क्षय भडकतो. म्हणून निदान चाचपडत असताना डॉक्टर दुसरा तुकडा मागतात तेव्हा चिडू नका.

टीबीची औषधं चालू असतानाच आतडं पुन्हा अडकलं. म्हणजे औषध लागू पडलं नाही का?

तसंच असेल असं नाही. व्रण भरून येताना आकसतो, त्यामुळे आजार बरा होत असतानाच नळी आणखी अरुंद होऊ शकते. औषधं बंद करू नका, सर्जनना दाखवा. बऱ्याच जणांची वाट गोळ्यांनीच मोकळी होते. काहींना अरुंद भाग रुंद करून शिवावा लागतो किंवा तेवढा तुकडा काढून टोकं जोडावी लागतात.

पोटाच्या क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात. खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करावी लागते. ती झाली की निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत खात्यावर दरमहा पैसे येतात. ही रक्कम आधी ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. खासगीत उपचार घेणाऱ्यांनाही ती मिळते. नोंद झाली का, हे स्वतः विचारा.

पित्ताशयातला खडा आतड्यात कसा पोहोचतो? नळीतून?

नळीतून एवढा मोठा खडा येऊ शकत नाही. पित्ताशयाला वर्षानुवर्षं सूज येत राहिली की ते शेजारच्या आतड्याला चिकटतं. खडा मधली भिंत झिजवत झिजवत थेट आतड्यात उतरतो. लहान असेल तर शौचावाटे निघून जातो, कुणाला कळतही नाही. अडीच सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा असेल तर लहान आतड्याच्या शेवटच्या, सर्वांत निमुळत्या भागात अडकून बसतो.

तो तिथे एका दमात पोहोचत नाही. थोडा अडकतो, सुटतो, पुढे सरकतो, पुन्हा अडकतो. त्यामुळे दोन दिवस त्रास, एक दिवस आराम, पुन्हा त्रास असा खेळ चालतो. हा आजार मुख्यतः साठीच्या पुढच्या स्त्रियांचा. एकूण आंत्रावरोधात त्याचं प्रमाण शंभरात एक ते चार एवढंच, पण पासष्टीपुढच्या वयात तो कितीतरी अधिक दिसतो. डॅनिश वैद्य थॉमस बार्थोलिन यांनी १६५४ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. १९४१ मध्ये रिग्लर यांनी एक्स-रेवरची त्रयी सांगितली : पित्तनळ्यांमध्ये हवा, फुगलेलं लहान आतडं आणि भलत्या जागी दिसणारा खडा. पण पित्ताचे बरेचसे खडे साध्या एक्स-रेवर दिसत नाहीत. सीटीवर तिन्ही गोष्टी एकत्र सापडण्याची शक्यता जास्त.

उपचार ऑपरेशनचा. आतडं उघडून खडा काढतात आणि शिवतात. 'मग पित्ताशय का नाही काढलं?' असं नातेवाईक रागाने विचारतात. रुग्ण बहुधा वयस्कर, सुकलेला, मधुमेह-रक्तदाबाचा. त्या अवस्थेत चिकटलेलं पित्ताशय सोडवत बसणं जिवावर बेतू शकतं. म्हणून बहुतेक वेळा आधी वाट मोकळी करतात आणि बाकीचं नंतर ठरवतात. माझ्या मते ते बरोबर आहे.

आजी बारीक आहेत, गुडघा-मांडी दुखते म्हणत होत्या, आणि आता उलट्या. याचा संबंध असू शकतो?

असू शकतो, आणि हा संबंध चुकणं फार महागात पडतं.

ओटीपोटाच्या हाडात एक छिद्र असतं, त्यातून मांडीच्या आतल्या बाजूला जाणारी नस आणि रक्तवाहिन्या जातात. एरवी तिथे चरबीची गादी असते. वय झालं, वजन उतरलं की ती गादी विरते आणि आतड्याचा वेढा त्या फटीत शिरतो. हा ऑब्ट्युरेटर हर्निया. तो स्नायूंच्या खाली असतो, त्यामुळे जांघेत गाठ दिसत नाही आणि हाताला लागत नाही. फक्त नस दाबली जाते आणि मांडीच्या आतून गुडघ्याकडे कळ जाते. पाय ताणला किंवा बाजूला नेला की वाढते, दुमडला की थोडी कमी होते. बारीक, वयस्कर, बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो.

मांडीच्या दुखण्यासाठी आजी तेल लावत बसतात, घरचे हाडांच्या डॉक्टरांकडे नेतात, आणि उलट्यांसाठी वेगळा डॉक्टर असतो. दोन्ही दुखणी एकाच माणसासमोर एकत्र मांडली जातच नाहीत. एका आजींच्या बाबतीत सुनेने सहज म्हटलं, 'त्यांचा पायपण दुखतोय चार दिवस', आणि तिथून निदानाची दिशा बदलली. तुम्हीही सगळं सांगा, फालतू वाटलं तरी.

याच्याच जोडीला फीमोरल हर्निया. तो दिसतो, पण लिंबाएवढी गाठ जांघेच्या घडीत लपते आणि संकोचामुळे जांघ कुणी उघडून बघत नाही. पोट अडकलेल्या प्रत्येक स्त्रीची दोन्ही जांघा उघडून तपासणी झालीच पाहिजे. स्त्री डॉक्टर किंवा सिस्टर सोबत असावी असा आग्रह जरूर धरा, पण तपासणी नाकारू नका.

आतड्यात आतडं शिरतं हे लहान मुलांचं ऐकलं होतं. चाळिशीत कसं?

दुर्बिणीच्या नळ्या एकात एक सरकतात तसं आतडं स्वतःच्याच पुढच्या भागात शिरतं. मुलांमध्ये बहुतेक वेळा त्याला धरून ठेवणारं काही नसतं आणि हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने ते सरळ करता येतं. मोठ्यांचा प्रकार वेगळा. एकूण रुग्णांपैकी मोठी माणसं शंभरात पाचच, पण त्यांतल्या दहापैकी नऊ जणांच्या आतड्यात काहीतरी सापडतं : चरबीची गाठ, पॉलिप (आतल्या अस्तरावरचा मांसल कोंब), मेकेलचं जन्मजात बोंड, लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग), कधी दुसरीकडून पसरलेला कर्करोग. आतडं त्या गाठीला पकडून पुढे ओढतं आणि त्यासोबत स्वतःही ओढलं जातं. मोठ्या आतड्यात झालं तर कर्करोगाची शक्यता बरीच. म्हणून मोठ्यांमध्ये ते नुसतं सरळ करून सोडत नाहीत, बहुधा तेवढा भाग काढतात.

याला एक दिलासादायक अपवाद आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीमध्ये लहान आतड्याचा छोटासा भाग आत शिरलेला दिसला, गाठ नाही, आतडं फुगलेलं नाही आणि रुग्णाला त्रासही नाही, तर ते बहुधा क्षणिक असतं. रिपोर्टमधला तो शब्द वाचून घाबरून ऑपरेशनला जाऊ नका, सर्जनना स्कॅन दाखवा.

घरच्यांनी बघावी अशी एक खूण आहे : ओठांवर, तोंडाच्या आतल्या बाजूला आणि बोटांवर लहानपणापासून काळपट ठिपके. अशा व्यक्तीला वारंवार पोटात कळा येत असतील तर प्यूट्झ-जेगर्स नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. यात आतड्यात पॉलिप होतात, आणि ते आतडं आत ओढतात. भावंडांनाही तपासून घ्यावं लागतं.

केसांच्या गोळ्याने खरंच आतडं बंद होतं?

होतं. केस पचत नाहीत. गिळलेले केस जठरात साचून जठराच्याच आकाराचा गोळा बनतो, आणि कधी त्याला शेपूट फुटून ती आतड्यात लांबवर उतरते. १९६८ मध्ये या प्रकाराला लांब केसांच्या परीकथेतल्या रापुन्झेलचं नाव मिळालं. रुग्ण बहुतेक किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रिया. केस उपटणं, ते चघळणं आणि गिळणं हा मनाचा आजार आहे, खोड नव्हे. ऑपरेशनने गोळा निघतो, पण मानसोपचार झाला नाही तर तो पुन्हा तयार होतो. घरी त्या मुलीला चारचौघांत बोलू नका. ती आधीच ओशाळलेली असते.

जास्त आढळणारा प्रकार चोथ्याचा. अल्सरसाठी जठराचं ऑपरेशन झालेले, मधुमेहामुळे जठर मंद झालेले, दात नसलेले लोक यांच्यात संत्र्याच्या फोडींची सालं, शेवग्याच्या शेंगेचा चोथा असं तंतुमय काही न चावता गिळलं तर त्याचा घट्ट गोळा होऊ शकतो. शेंग चोखावी आणि चोथा ताटाकडेला काढावा, ही आपली जुनी रीत या लोकांनी कटाक्षाने पाळावी. कोला पिऊन गोळा विरघळतो असं वाचलं असेल. जठरातल्या चोथ्याच्या गोळ्यावर डॉक्टरांच्या देखरेखीत तो उपाय वापरतात. केसांच्या गोळ्यावर चालत नाही, आणि आतडं बंद असताना कोला पिणं धोक्याचं आहे.

अशा गोळ्यांना वैद्यकशास्त्रात 'बेझोअर' म्हणतात. मूळ शब्द फारसीतला 'पादजहर', म्हणजे विषावरचा उतारा. जनावरांच्या पोटातले असे खडे एके काळी विष उतरवायला मौल्यवान म्हणून जपत.

रिपोर्टमध्ये 'ॲब्डॉमिनल कोकून' लिहिलंय. म्हणजे काय?

रेशमाच्या किड्याभोवती कोश असतो, तसा लहान आतड्याभोवती एक पांढरा, जाड पडदा तयार होतो आणि सगळी आतडी एका पिशवीत बांधल्यासारखी होतात. या नावाने तो १९७८ मध्ये किशोरवयीन मुलींमध्ये वर्णिला गेला. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांमध्ये तो दिसतो. आपल्याकडे त्यामागे क्षय असण्याची शक्यता आवर्जून तपासावी लागते. ऑपरेशनमध्ये पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा हळूहळू सोडवावा लागतो. घाई केली तर आतड्याला भोक पडतं. हे काम सरावलेल्या हातांचं आहे, वेळ लागला तर लागू द्या.

पीळ पडणं हे विरळ आहे का?

युरोप-अमेरिकेत तुलनेने कमी, भारतात तितकं नाही. डाव्या बाजूचं मोठं आतडं लांब आणि सैल असेल तर ते स्वतःभोवती फिरतं. जुनाट बद्धकोष्ठाचे वयस्कर पुरुष, पोट अचानक नगारा. आतडं काळं पडलं नसेल तर गुदद्वारातून दुर्बीण घालून पीळ सोडवता येतो आणि रुग्णाला तिथल्या तिथे हायसं वाटतं. मग तो घरी जायचं म्हणतो. पण नुसता सोडवलेला पीळ पुन्हा बसण्याची शक्यता मोठी असते. प्रकृती परवानगी देत असेल तर त्याच मुक्कामात तो लांब भाग काढून घ्यावा.

वजन कमी करण्याचं बायपास ऑपरेशन झालंय. आता पोटात अधूनमधून कळा येतात.

उलट्या नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. बायपासमध्ये आतड्यांची नवी जोडणी करताना पोटात काही फटी राहतात. चरबी झपाट्याने उतरली की त्या रुंदावतात आणि वेढा त्यात शिरतो. त्यांतल्या एकीचं वर्णन पीटरसन यांनी १९०० मध्येच केलं होतं, या शस्त्रक्रियांच्या कितीतरी आधी. बंद झालेला भाग मुख्य वाटेवर नसला तर उलटी होतच नाही आणि नाकातल्या नळीतूनही काही निघत नाही. जिथे ऑपरेशन झालं तिथेच, किंवा बायपासची रचना माहीत असलेल्या सर्जनकडे जा. बायपासनंतर गरोदर असलेल्या बाईच्या कळा तर कधीच 'गरोदरपणातला गॅस' समजू नयेत.

वजन झपाट्याने उतरल्याचा आणखी एक परिणाम : आतड्याला रक्त देणारी मोठी धमनी आणि महाधमनी यांच्यामधली चरबी विरते, कोन मिटतो आणि मध्ये ग्रहणी, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, चेपली जाते. जेवल्यावर पोट गच्च, पित्ताच्या उलट्या, पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपलं की आराम. अडथळ्याच्या पुढे नळीने अन्न देऊन वजन वाढवलं तर बऱ्याच जणांना ऑपरेशन लागत नाही.

वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी पोट फुगलं. स्कॅनमध्ये अडथळाच नाही!

मोठ्या आतड्याचे मज्जातंतू गडबडतात आणि ते लुळं पडून फुगतं, वाट मोकळी असूनही. ब्रिटिश सर्जन ओगिल्व्ही यांनी १९४८ मध्ये असे दोन रुग्ण नोंदवले, म्हणून या आजाराला त्यांचं नाव. मोठी ऑपरेशनं, बाळंतपण, जंतुसंसर्ग, रक्तातलं पोटॅशियम कमी होणं आणि अफूवर्गीय वेदनाशामकं ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी. रुग्णाला चालवणं, क्षार भरून काढणं, औषधं बदलणं यानेच बहुतेकदा उतार पडतो. नाही पडला तर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन हृदयाच्या मॉनिटरखाली देतात, आणि काही मिनिटांत पोट मोकळं होऊ शकतं. उजवीकडचा मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग १२ सेंटिमीटरच्या पुढे फुगला तर तो फुटण्याची भीती असते, म्हणून रोज एक्स-रे काढतात.

मानसिक आजारावर क्लोझापिन घेणाऱ्यांचं आतडंही असंच मंद होऊ शकतं. त्यांना शौचाला रोज होते का, हे घरच्यांनी नियमित विचारायला हवं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

पाळीच्या दिवसांतच पोट फुगतं आणि कळा येतात. हे आतड्याचं असेल?

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते; ती आतड्याच्या भिंतीत रुजली तर ते अरुंद होऊ शकतं. दर महिन्याच्या तारखा लिहून ठेवा. ती वही स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांच्याही कामाची.

सांधेदुखीच्या गोळ्यांनीही होतं म्हणतात?

होतं, क्वचित. वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामकांनी लहान आतड्यात पातळ पडद्यांसारखे अडथळे तयार होतात, ते स्कॅनवर चुकतात. रोजच्या गोळ्यांची यादी सांगताना 'दुखण्याची गोळी' वगळू नका.

जंतांमुळे?

मुलांमध्ये जंतांचा गुंता होऊन आतडं बंद पडतं. मोठ्यांच्या आतड्याचा घेर जास्त, त्यामुळे क्वचितच.

एक्स-रे काढलाय. पुन्हा सीटी स्कॅन कशाला?

एक्स-रे सांगतो, 'आतडं अडकलंय'. टाका नसलेल्या पोटात खरा प्रश्न असतो तो कुठे, कशाने आणि रक्तपुरवठा शाबूत आहे का. याची उत्तरं शिरेतून डाय देऊन केलेल्या सीटीमधून मिळतात. वर सांगितलेला ऑब्ट्युरेटर हर्निया, खडा, कोश, पीळ हे सगळं त्यात दिसू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा डायची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. पण जिथे सीटीची सोय नाही आणि पोट कडक झालेलं आहे, तिथे स्कॅनसाठी शंभर किलोमीटर फिरवण्यापेक्षा जवळच्या सर्जनने पोट उघडलेलं बरं. हा निर्णय त्यांचा असू द्या.

नाकातून नळी घालून दोन दिवस थांबायला सांगितलंय. थांबणं बरोबर आहे का?

आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली असतील, ताप नाही, दुखणं सतत नाही, तर थांबणं योग्य आहे. बऱ्याच जणांची वाट तेवढ्यात मोकळी होते. नळीने पोटातला ताण उतरतो, सलाईनने पाणी भरून निघतं. काही ठिकाणी नळीतून पाण्यात विरघळणारा डाय देतात. तो २४ तासांत मोठ्या आतड्यात पोहोचला तर ऑपरेशन टळण्याची शक्यता चांगली. टाका नसलेल्या पोटातही थांबता येतं, पण कारण कळलेलं असावं. कारण माहीत नाही आणि थांबलोय, असं चाललं असेल तर नम्रपणे विचारा : 'कशाने अडकलंय असं वाटतं, आणि काय झालं तर ऑपरेशन करायचं?'

ऑपरेशन न करताच सुटलं आणि घरी सोडलं. आता काय?

टाका नव्हता आणि कारण सापडलं नसेल, तर शोध अर्धाच राहिलाय. बरं वाटलं की पुढची तारीख मागे पडते, शेतीची कामं येतात, लग्नं येतात. तसं करू नका. काही आठवड्यांत कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), गरज पडल्यास लहान आतड्याचं खास स्कॅन करून घ्या. गाठ, क्षयाचा अरुंद भाग, शिरणारं पॉलिप, हे पुढच्या वेळी काळ्या आतड्यासह सापडण्यापेक्षा आता सापडलेलं केव्हाही चांगलं. कॅमेऱ्याची गोळी गिळायला सांगितली तर आतडं अरुंद असल्याची शंका डॉक्टरांना आठवून द्या, ती गोळीच अडकू शकते.

डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची सीडी आणि ऑपरेशनची नोंद एका पिशवीत ठेवा. दुसऱ्या गावी रात्री दुखलं तर ती पिशवी तुमच्या वतीने बोलते.

आई गावी एकटी असते, मी पुण्यात किंवा परदेशात. फोनवर काय विचारू?

'बरं आहे ना?' असं विचारलंत तर 'बरं आहे' हेच उत्तर येणार. नेमकं विचारा. काल शौचाला झाली का? वारा सरतो का? उलटी झाली तर रंग कसा होता? लघवी शेवटची कधी झाली? कळ येऊन जाते की आता सतत दुखतं? कुणी जुलाबाचं काही दिलं का? शेजारच्या काकूंना फोन द्या आणि पोट फुगलेलं दिसतंय का, जांघेत गाठ आहे का, हे बघायला सांगा. मग मांडी-गुडघ्याचं विचारा. ते आई आपणहून सांगणार नाही.